न सांडलेलं रक्त

सिप्रियनच्या डोक्यातून रक्त आलं नाही. एवढी एक गोष्ट मनातून जात नाही. थोडं जरी आलं असतं, केसांतून कानामागे उतरून सदऱ्याची कॉलर भिजली असती, तरी मी इतकी घाबरले नसते. गावात हे कुणाला बोलून दाखवलं तर म्हणतील, मार्वा टीचरचं डोकं फिरलं. आमच्याकडे रक्त आलं की माणसं हळहळतात, नाही आलं की ढोल वाजवतात.

आत्ता तो माझ्या सोफ्यावर झोपला आहे. सोफा आखूड, माणूस लांब, त्यामुळे दोन्ही पाय हवेत. त्याला मधून मधून उठवायचं, चार प्रश्न विचारायचे, उत्तरं धड आली की पुन्हा झोपू द्यायचं, असं डॉक्टरने सांगितलं आहे. मधल्या वेळात माझाच डोळा लागू नये म्हणून मी लिहीत बसले आहे. खोलीत त्याच्या अंगाचा राळेचा वास भरला आहे. तीस-चाळीस वर्षं होड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या अंगाचा तो वास साबणाने जात नाही.

सिप्रियन लेझामा माझा कोणी लागत नाही आणि सगळं काही लागतो. माझ्या मुलाचा, केरविनचा, तो धर्मपिता. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याने पोराला हातावर घेतलं, त्या दिवसापासून मी त्याची माकोमे आणि तो माझा कोंपे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीपेक्षा बोटभर वरचं धरतात. केरविनचा बाप पोरगं चार वर्षांचं असताना न्यूयॉर्कला गेला तो गेलाच. पुढे पोराला पोहायला कोणी शिकवलं, मासा कसा साफ करायचा, मोठ्यांपुढे खोटं न बोलता गप्प कसं बसायचं, हे कोणी शिकवलं, तर सिप्रियनने. आणि लाठीही त्यानेच शिकवली. त्यावरून मी त्याच्याशी पुष्कळ भांडले.

"पोरगा शिकलासवरलेला आहे, कोंपे. कशाला हे खूळ त्याच्या डोक्यात घालतोस?"

"खूळ त्याच्या डोक्यात आधीच आहे. माझ्याकडे नाही शिकला तर दुसऱ्याकडे शिकेल. दुसरा त्याला मारायला शिकवेल. मी अडवायला शिकवतो."



कार्निव्हलच्या दिवसांत आमच्याकडे लाठीचे आखाडे भरतात. नियम साधा आहे. ज्याचं रक्त आधी पडलं तो हरला. मधोमध जमिनीत एक खड्डा खणलेला असतो. हरलेला तिथे जाऊन वाकतो, डोकं खाली घालतो आणि रक्त खड्ड्यात गळू देतो. मातीचं होतं ते मातीला मिळालं. मग जखमेवर रम, मग ज्याने मारलं त्याचीच मिठी, मग कोणीतरी त्याला टाके घालायला आरोग्य केंद्रावर नेतं. पण ज्याला फटका बसला आणि रक्त आलं नाही, तो हरलेला नसतो. त्याला दवाखान्यात कोण नेणार? त्याच्या हातात ग्लास देतात. जखम दिसली तर दवाखाना, नाही दिसली तर दारू.

आज केरविनचा आखाड्यातला पहिला दिवस होता. त्याच्यासमोर पलीकडच्या गावचा एक आडदांड माणूस उभा राहणार असं ठरलं होतं. गेल्या वर्षी त्याने दोघांची डोकी फोडली होती. मी मागे, फणसाच्या झाडापाशी, तोंडावर हात ठेवून उभी. तेवढ्यात गर्दीतून सिप्रियन पुढे आला. सहा वर्षांत त्याने आखाड्यात पाऊल टाकलं नव्हतं. सदरा काढून त्याने माझ्याकडे फेकला आणि म्हणाला, "पोराची पहिली लाठी माझी."

लोक खूश झाले. लोकांना काय, तमाशा हवा.

"पाद्री, गुडघ्यांना तेल घातलंस का?"

"घातलंय. होडीचं उरलं होतं."

"जपून रे! खड्डा खणलाय तुझ्याच मापाचा!"

"मग तुझ्या सासूने माप चुकवलं. माझे पाय बाहेर राहतात."

त्याला पाद्री म्हणतात कारण तो आखाड्यात ओरडत नाही, शिव्या देत नाही, आणि समोरच्याच्या डोक्यावर कधी मारत नाही. हातावर मारतो, मनगटावर मारतो, समोरच्याची लाठीच उडवून लावतो. डोक्यावर नाही. अशाने जिंकण्यापेक्षा हरणंच जास्त होतं. सिप्रियन पुष्कळ वेळा हरला आहे. त्या खड्ड्यात त्याचं किती रक्त गेलं असेल, देव जाणे.

ढोल सुरू झाले. केरविन आधी बुजलेला होता. सिप्रियन त्याला हसवत होता, पायाशी लाठी आपटून नाचवत होता, जणू अंगणात खेळतोय. मग गाणाऱ्या बायकांनी सूर चढवला, ढोलांनी गती घेतली, आणि माझ्या पोराचा चेहरा बदलला. मी त्याची आई आहे, मला तो चेहरा ओळखू आला नाही. त्याची लाठी सिप्रियनच्या लाठीवरून घसरत गेली आणि कानाच्या वर बसली. ओला नारळ ओट्यावर पडावा तसा आवाज झाला.

ढोल थांबले. पंच पुढे झाला, त्याने सिप्रियनच्या केसांतून तळवा फिरवला आणि हात वर धरला. कोरडा. सगळं मैदान ओरडलं. कोणी हरलं नाही! केरविनने लाठी टाकली आणि पारेंच्या गळ्यात पडला. पारें म्हणजे धर्मपिता, तो त्याला लहानपणापासून तसंच म्हणतो. सिप्रियन हसत होता. लोकांनी पोराला खांद्यावर घेतलं. मी पोराकडे बघत राहिले असते तर चाललं असतं. पण सदरा माझ्या हातात होता, तो द्यायला मी सिप्रियनला शोधत गेले. तो फणसाच्या मागे, झाडाला दोन्ही हातांनी धरून उभा होता.

"काही नाही, माकोमे. झाडच हलतंय जरा."

आरोग्य केंद्र मैदानाच्या मागेच आहे. तो यायला तयार झाला, पण एका अटीवर. पोराला कळता कामा नये. मी शब्द दिला. त्या वेळी त्याला तिथवर न्यायला मी काहीही कबूल केलं असतं.

डॉक्टर सूकदेव म्हणून तरुण बाई होत्या. बाकावर रक्ताळलेले तिघे बसले होते. त्यांच्या जखमा परिचारिकेवर सोपवून बाईंनी याला आधी आत घेतलं, तेव्हाच मला त्या बाईचा भरवसा वाटला. डोळ्यांत बॅटरी मारली, दोन्ही हातांनी बोटं दाबायला लावली, एका रेषेत चालायला लावलं, मानेची हाडं चाचपली, नाकाकानातून पाणी येतंय का पाहिलं.

"अंकल, वर्षाचे महिने उलटे म्हणा."

"बाई, मला सुलटे पण पाठ नाहीत. हिला विचारा, ही टीचर आहे."

"प्रयत्न करा."

त्याने केला, ऑगस्ट विसरला, मग आठवून म्हणाला. बाई हसल्या. शुद्ध हरपली होती का? नाही. उलटी? नाही. दारू? "लाठी धरली त्या दिवशी मी थेंब घेत नाही. माझ्या पोरालाही घेऊ देत नाही." रक्त पातळ होण्याची कसली गोळी घेता का?

"गोळी? मी? ताप आला तर गवती चहा, नाही आला तर कोको चहा. यापलीकडे मी औषध ओळखत नाही."

बाईंनी त्याला बराच वेळ खुर्चीत बसवून ठेवलं, पुन्हा पुन्हा तपासलं. मग म्हणाल्या, सगळं ठीक दिसतंय, पण एकट्याने राहायचं नाही. "घरी कोण असतं तुमच्या?"

"कुत्रा."

"कुत्रा रात्री उठवेल का तुम्हाला?"

"रोज तोच उठवतो, बाई."

"हसू नका, अंकल. कोणी मोठं माणूस नसेल तर मी सोडणार नाही."

मी म्हटलं, माझ्या घरी नेते. मग त्या माझ्याकडे वळल्या. डोकं जास्त जास्त दुखायला लागलं, उलटी झाली, बोलणं अडखळलं किंवा भलतंच बोलायला लागले, एक हात किंवा पाय ढिला पडला, झोपेतून नीट जागे होईनात, झटका आला, तर सकाळची वाट बघायची नाही. सॅन फर्नांडोच्या मोठ्या इस्पितळात डोक्याचा फोटो निघतो, तिकडेच न्यायचं. दारू नाही, झोपेची गोळी नाही, ॲस्पिरिन नाही. निघताना परिचारिका म्हणाली, "कार्निव्हलचे दिवस आहेत, रुग्णवाहिका कुठे अडकेल सांगता येत नाही. कोणाची गाडी असेल तर तीच काढा."

पहिल्यांदा उठवलं तेव्हा चिडला. "माणसाला झोपू देतेस की नाही?"

"तुझं नाव सांग."

"साऱ्या बेटाचा राजा."

"कोंपे!"

"सिप्रियन लेझामा. तू मार्वा. हा सोफा तुझा, आणि वाईट आहे."

मला हसू आलं, आणि मग रडू, कारण मला वेगळीच रात्र आठवली. केरविन सात-आठ वर्षांचा असताना आंब्यावरून डोक्यावर पडला होता. रक्त नव्हतं, टेंगूळ होतं. मी नारळाचं तेल लावलं आणि झोपवलं. संध्याकाळी सिप्रियन आला, त्याने ऐकलं आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. पोराला त्याने अंथरुणातून उचललं, तसंच दवाखान्यात नेलं, आणि परत आणल्यावर रात्रभर उशाशी बसला. पोराला पुन्हा पुन्हा उठवायचा. केरविन रडायचा, "झोपू दे ना, पारें!" आणि हा म्हणायचा, "झोप, पण आधी मला तुझ्या कोंबडीचं नाव सांग." उजाडल्यावर पोरगं खेळायला पळालं आणि हा मोठा माणूस माझ्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून हमसून हमसून रडला. तेव्हा त्याने मला आल्फियसबद्दल सांगितलं.

आल्फियस त्याचा दोस्त. दोघेही वीस-एकवीस वर्षांचे. आखाड्यात सिप्रियनची लाठी आल्फियसच्या डोक्यावर बसली. रक्त आलं नाही. पंचाने कोरडा हात वर धरला, लोक ओरडले, आल्फियसला खांद्यावर घेतलं. तो प्यायला, नाचला, ट्रकच्या हौद्यात बसून गाणी म्हणत घरी गेला. आईला म्हणाला, डोकं जड झालंय, झोपू दे. त्याची आई मा व्हर्जिनी. तिने झोपू दिलं. सकाळी तो घोरत होता म्हणून तिने उठवलं नाही. दुपारपर्यंत उठवलं नाही. माशा बसत होत्या म्हणून अंगावर चादर घातली, आणि चादर घालतानाच तिच्या हाताला कळलं.

पोलीस आले नाहीत. गावाने ठरवलं, रमने मारलं. रक्तच पडलं नाही तर लाठीचा काय दोष? सिप्रियन मा व्हर्जिनीकडे गेला आणि पाय धरून म्हणाला, "मी मारलं त्याला."

"रक्त आलं होतं का?"

"नाही."

"मग तुझं काही नाही, बाळा. जा."

दर शनिवारी तो तिच्या दारात मासे ठेवायचा. ती घ्यायची, बस म्हणायची, त्याने तोंड उघडलं की म्हणायची, "तुझं काही नाही." म्हातारी मरेपर्यंत हे चाललं. तिने त्याला दोष दिला असता तर त्याला माफी तरी मागता आली असती. दोषच दिला नाही, तर माफी कशाची मागणार? त्याने लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायचा, माझ्या घोरण्यात कोण झोपेल. किनाऱ्यावरची पोरं नवी होडी घेऊन आली की तो तिला हाताने चाचपत म्हणतो, फुटकी होडी कोणाला बुडवत नाही, कारण तिच्यात कोणी बसतच नाही. बाहेरून धड दिसते तीच बुडवते.

दुसऱ्यांदा उठवायच्या आधी त्याच्या अंगावर घालायला बनियन शोधत होते. लाठीच्या थैलीत हात घातला. बनियनच्या खाली गोळ्यांची बाटली. सॅन फर्नांडोच्या हृदयाच्या दवाखान्यातली, त्याच्या नावाची. मी जीवशास्त्र शिकवते, बाटलीवरचं औषधाचं नाव वाचून मला पुढचं कोणी सांगायला नको होतं. गेलं वर्षभर हा लाकूड आणायला म्हणून सॅन फर्नांडोला जात होता.

मी त्याला हलवून उठवलं. तो उठला, पण आधीपेक्षा उशिराने.

"हे काय आहे?"

त्याने बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "गोळ्या."

"डॉक्टरला नाही म्हणालास."

"गोळीने रक्त पातळ होतं, आणि त्या डॉक्टर पोरीने ऐकलं असतं तर मला ठेवून घेतलं असतं. गाडी बोलावली असती. साऱ्या गावाने बघितलं असतं, पाद्रीला नेलं. कोणी मारलं? केरविनने."

"रक्त पातळ असताना तू आखाड्यात उतरलास, कोंपे?"

"त्या आडदांडाने पोराचं डोकं फोडलं असतं. माझं रक्त सांडलं असतं तर खड्डा भरून वाहिला असता, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर सांडू दिलं नाही." तो हसायला गेला आणि हसताना त्याने डोकं धरलं.

"दुखतंय?"

"दुखणारच. लाठी पुईच्या टणक लाकडाची आहे, पिसाची नाही."

"मघापेक्षा जास्त?"

त्याने डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू म्हणाला, "माकोमे, काही झालं तर हृदय बंद पडलं म्हणून सांग. बाटली आहेच तुझ्याकडे, लोकांना पटेल. मला चाळीस वर्षं सगळे सांगत आले, तुझं काही नाही. एकदाही खरं वाटलं नाही. पोराला निदान कळणारच नाही, तर कोणाला त्याची अशी समजूत घालावीही लागणार नाही."

आणि पुन्हा झोपला. मी झोपू दिलं, म्हणजे बोलता बोलता तोच झोपला.

ही अगदी आत्ताची गोष्ट. खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं ऐकताना माझ्यातल्या आईने मान डोलावली होती. पोरगा तेवीस वर्षांचा आहे, आज त्याच्यासारखा आनंदी माणूस या बेटावर नसेल. वळणावरच्या रमच्या दुकानात सगळे बसले आहेत, त्याच्या गाण्याचा आवाज इथवर येतो. दारूला शिवलेला नसणार, कारण पारेंचा नियम. त्याची गाडी दुकानासमोर उभी आहे. मी दार लावून घेतलं, बाटली परत थैलीत ठेवली, तर त्याला कधीच कळणार नाही.

पण आल्फियसची गोष्ट मी मनात पुन्हा पुन्हा लावून पाहते आहे, आणि ती सिप्रियनने लावली तशी लागत नाही. त्याला चाळीस वर्षं जी खाते आहे ती लाठी नाही. लाठी तर सगळेच मारतात. आल्फियसला कोणी उठवलं नाही आणि आपण तिथे नव्हतो, हे त्याला खातं. म्हणून तर त्याने माझ्या पोराला रात्रभर जागं ठेवलं. मा व्हर्जिनीने चादर घातली ती मायेनेच घातली. मीही आज मायेनेच घालणार होते.

मी पुन्हा सोफ्यापाशी गेले. हाक मारली, गाल थापटले. डोळे उघडले, पण ते माझ्यावर ठरायला वेळ लागला.

"तुझ्या धर्मपुत्राचं नाव सांग, कोंपे."

तो विचार करत राहिला. मग त्यानेच विचारलं, "तो उठला का गं?"

"कोण?"

"त्याची आई उठवत नाहीये त्याला. तू जाऊन सांग ना."

त्याच्या हातात मी माझी बोटं दिली. उजव्या हाताने दाबली. डाव्याने नुसती धरून ठेवली.

मी शब्द मोडते आहे, कोंपे. वळणावरून गाडी इथे यायला घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागेल, आणि तुला उचलायला त्याच्याएवढे बळकट हात या गल्लीत दुसरे नाहीत. बाटली मी मुठीत घट्ट धरून नेईन आणि डॉक्टरांच्या समोर पहिली तीच ठेवीन. पोराला रस्त्यात सगळं सांगीन, "केरविन, तुझी लाठी त्याला लागली, आत रक्त साठतंय, आणि गाडी तूच चालवतो आहेस." पुढे काय होईल ते मला माहीत नाही. पण तुला जे कोणी करू दिलं नाही, आपल्याच फटक्यातून माणसाला वाचवायला धावणं, ते त्याला करू देणार आहे.

दुकानात गाणं चालू आहे. फोन उचलते. केरविनला.